विश्लेषण : ‘मी कॅथलिक आहे’ हे चारचौघांत सांगणं म्हणजे नेमकं काय? कायदा कुठपर्यंत सोबत येतो?

कर्जत किंवा खोपोलीत राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबाला वर्षभरात किती वेळा आपला धर्म सांगावा लागतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. प्रसंग मात्र बरेच येतात. शाळेच्या प्रवेश अर्जात धर्माचा रकाना असतो. भाड्याची खोली बघायला गेलं की आडनाव ऐकून घरमालकाचा पुढचा प्रश्न ठरतो. ऑफिसात कुणीतरी प्रेमाने ‘हॅपी गुड फ्रायडे’ म्हणतं आणि मग तो दिवस सणाचा नसून दुखवट्याचा असतो, हे समजावून सांगावं लागतं. ‘तुमचं मराठी किती छान आहे हो’ हे कौतुकही वाट्याला येतं, घरात चार पिढ्या मराठी बोलली जात असली तरी!

हे सगळं रोजचं आहे आणि बहुतेक वेळा त्यात काही वावगं घडत नाही. अडचण येते ती पुढच्या टप्प्यावर. आपल्या श्रद्धेविषयी कुणी टीका केली तर उत्तर द्यायचं का? वाडीवरच्या मुलांना शिकवायला गेल्यावर ‘धर्मांतर करायला आलात का’ असं विचारलं गेलं तर काय सांगायचं? तहसील कार्यालयात जातीचा दाखला मागताना धर्म सांगितला तर काय होतं? श्रद्धा प्रकट करणं, तिचा प्रसार करणं आणि दुसऱ्याला आपल्या धर्मात आणणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय कायद्यात या तिन्हींवर सत्तर-पंचाहत्तर वर्षं वाद चालू आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा निकाल आपल्या नागपूरच्या निवडणुकीतून आलेला आहे.

इथले कॅथलिक कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्यालाही थोडे कमीच. यात कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि इतर सगळे पंथ आले. वसईत कॅथलिकांची गावंच्या गावं आहेत, त्यांची बोली आहे, वाडी आहे, जमीन आहे. कर्जत-खालापुरात तसं चित्र नाही. घाटाच्या पायथ्याचे हे तालुके रेल्वेने घडवले. खोपोलीपर्यंतची लाइन १८५६ ची, बोरघाट ओलांडला गेला १८६३ मध्ये. पुढे खोपोलीचं वीजकेंद्र आलं, कारखाने आले, पाताळगंगा-रसायनीचा पट्टा उभा राहिला. या वाटेने नोकरीसाठी जी माणसं आली, त्यात मुंबई, वसई, गोवा, मंगळूर आणि केरळचे ख्रिस्तीही होते. कर्जत तालुक्यातल्याच माथेरानला ब्रिटिशांच्या काळापासून चर्च आहेत. चर्चच्या रचनेत रायगड जिल्हा बॉम्बे महाधर्मप्रांतात मोडतो. केरळच्या सीरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ पासून कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे.

थोडक्यात, इथला कॅथलिक बहुतेकदा चाळीत किंवा सोसायटीत एकटंदुकटं घर असलेला माणूस आहे. वसईत जे बोलायला धैर्य लागत नाही, ते इथे बोलायला थोडं तरी लागतं. संख्या हा फार साधा घटक आहे, पण धर्मस्वातंत्र्यावरच्या चर्चेत तोच बहुधा विसरला जातो.

रायगडाच्या किनाऱ्यावरची गोष्ट आणखी जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज चौल-रेवदंड्याला आले आणि १७४० मध्ये मराठ्यांनी ते ठाणं घेईपर्यंत राहिले. त्यांच्या मागे राहिलेल्या कोर्लईच्या कॅथलिक वस्तीत आजही घरात पोर्तुगीजमधून तयार झालेली एक वेगळी बोली बोलतात आणि बाहेर मराठी. त्या काळात कॅथलिक धर्म हा सत्तेचा धर्म होता. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला छोटा खंड वगळता, इन्क्विझिशन चाललं. देवळं पाडली गेली, लोकांवर खटले भरले गेले. ‘धर्मप्रसार’ हा शब्द ऐकल्यावर अनेकांच्या कपाळावर आठी येते, त्यामागे हा इतिहास आहे. तो नाकारून कॅथलिकांची बाजू मजबूत होत नाही.

पण त्याच काळातली दुसरी बाजूही आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला छापून झालं. सुमारे अकरा हजार ओव्या. ख्रिस्ताची गोष्ट इथल्या माणसाला सांगायची तर ती पुराणाच्या रूपात आणि ओवीछंदात सांगावी लागेल, हे त्याला उमगलं होतं. मराठीत कॅथलिक श्रद्धा जाहीरपणे सांगण्याची परंपरा शोधायची झाली तर ती तिथपासून सुरू होते.

घटनेत ‘प्रसार’ हा शब्द कसा आला?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येक व्यक्तीला धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहून.

यातल्या ‘प्रसार’ या शब्दासाठी बरीच ओढाताण झाली. १९४७ मध्ये अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीत एम. रत्नस्वामी या कॅथलिक सदस्याने मुद्दा मांडला की, काही धर्मांमध्ये आपला संदेश इतरांना सांगणं हा धर्माचाच भाग आहे, त्यामुळे हा शब्द हवा. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा तजमुल हुसेन यांनी धर्म खासगी असावा, त्याचा प्रसार नको, अशी भूमिका घेतली. लोकनाथ मिश्र यांनीही या शब्दाला कडाडून विरोध केला. शब्दाच्या बाजूने उभे राहिलेले बरेच जण ख्रिस्ती नव्हते. टी. टी. कृष्णमाचारी यांनी आपण ख्रिस्ती संस्थांमध्ये शिकलो आणि कुणी आपला धर्म बदलण्याचा प्रयत्न केला नाही, असं सभागृहाला सांगितलं. कन्हैयालाल मुन्शी यांचं म्हणणं होतं की, ख्रिस्ती समाजाने या शब्दाचा आग्रह धरला आहे आणि अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्याचा तो भाग आहे. तो मोडू नये. आणि नाहीतरी भाषणस्वातंत्र्याखाली माणूस आपला विचार दुसऱ्याला पटवून देणारच. शब्द राहिला.

मग प्रश्न आला की, प्रसारात धर्मांतर येतं का. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरीने, फसवून किंवा आमिष दाखवून धर्मांतर घडवण्याविरोधात कायदे केले. मध्य प्रदेशात फादर स्टॅनिस्लॉस या धर्मगुरूंवर खटला झाला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी १९७७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगून तो पसरवण्याचा हक्क घटनेने दिला आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा स्वतंत्र मूलभूत हक्क दिलेला नाही, असं कोर्टाने म्हटलं. मुंबईचे ज्येष्ठ कायदेपंडित एच. एम. सीरवई यांनी या निकालावर सडकून टीका केली होती. त्यांचा रोख असा की, समजावण्याचा हक्क आहे आणि समोरच्याला पटलं तर धर्म स्वीकारण्याचा हक्क त्याला आहे, मग हे दोन्ही एकत्र आल्यावर गुन्हा कसा होतो? निकाल मात्र आजही लागू आहे.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा. खालापूरच्या एखाद्या कॅथलिक माणसाने मित्राला आपण रविवारी मिस्साला का जातो, मारियाबाईला काय मानतो, मरणानंतरच्या जीवनावर आपला विश्वास का आहे हे सांगितलं, त्यावर लेख लिहिला, भाषण दिलं, तर तो घटनेने दिलेला हक्क वापरतो आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मिरवणूक काढायची किंवा लाउडस्पीकर लावायचा असेल तर लागते, पण ती गणपतीच्या मंडळालाही लागते.

श्रद्धा ‘प्रकट’ केली असं कधी मानायचं?

ही सगळ्यात कमी माहीत असलेली आणि सगळ्यात जास्त परिणाम करणारी बाब आहे.

१९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातल्या एका राखीव जागेवरून डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी १९५७ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला आहे, त्यामुळे ते अनुसूचित जातीच्या जागेवर उभे राहू शकत नाहीत, असा आक्षेप घेतला गेला. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्या वेळी हिंदू आणि शीख धर्म मानणाऱ्यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात पोहोचलं. ‘पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम’ या १९६४ च्या निकालात कोर्टासमोर प्रश्न होता की, एखादा धर्म ‘प्रकट करणं’ म्हणजे काय. कोर्टाचं उत्तर होतं : उघड जाहीर करणं किंवा उघड आचरण. ज्यांचा त्याच्याशी संबंध येतो अशा लोकांना कळेल अशा रीतीने माणसाने आपली श्रद्धा सांगितली, तर ते पुरेसं आहे. मनात काय आहे, हे कोर्ट तपासत बसत नाही. मेश्राम यांची निवड रद्द झाली.

म्हणजे भारतीय कायद्यात धर्म जाहीरपणे सांगणं ही नुसती भावनेची गोष्ट उरत नाही. त्याला परिणाम चिकटलेले असतात. बौद्धांच्या बाबतीतला अन्याय १९९० मध्ये दुरुस्त झाला आणि त्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेल्या दलितांना तो आजही नाही. यावर विचार करण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर पुद्दुचेरीतल्या एका महिलेचं प्रकरण आलं. लहानपणी तिचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झालेला होता. ती नियमित चर्चला जात होती आणि सरकारी नोकरीसाठी आपण हिंदू असल्याचं सांगून अनुसूचित जातीचा दाखला मागत होती. कोर्टाने तो नाकारला. केवळ आरक्षणासाठी, खरी श्रद्धा नसताना केलेला दावा म्हणजे राज्यघटनेशी फसवणूक आहे, असं कोर्ट म्हणालं. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार करता येणार नाही, असा निकाल दिला. जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाल्याची त्या तक्रारदाराची तक्रार होती.

इथे थोडं थांबायला हवं. गावातल्या लोकांच्या डोक्यातून त्या माणसाची जात गेलेली नसते. शिवी देणारा धर्म विचारून शिवी देत नाही. पण कायदा म्हणतो की धर्म बदलला म्हणजे तुझी जात, निदान कागदावर, संपली. मग एखादं दलित कुटुंब चर्चला जात असूनही कागदावर हिंदूच राहतं, तेव्हा त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे. खरं बोलण्याची किंमत मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरी असेल, तर किती जण खरं बोलतील? ‘श्रद्धेसाठी उघडपणे उभं राहा’ हा सल्ला वांद्र्याच्या सुखवस्तू कॅथलिकाला आणि दलित ख्रिस्ती मजुराला एकाच किमतीत मिळत नाही.

आदिवासींचं गणित वेगळं आहे आणि कर्जत-खालापुरात ते महत्त्वाचं आहे. या तालुक्यांत ठाकर आणि कातकरी वाड्या मोठ्या प्रमाणावर आहेत. कातकरी तर विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणले जातात. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. धर्म बदलला एवढ्याच कारणाने माणूस जमातीबाहेर जात नाही, मात्र तो जमातीच्या चालीरीती आणि परंपरा पाळतो का, जमातीने त्याला आपला मानलं आहे का, हे पाहिलं जाईल, असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं. म्हणूनच ‘धर्मांतरित आदिवासींना यादीतून काढा’ ही मागणी पुढे आली आहे. ती मान्य झाली तर मध्य भारतापासून कोकणापर्यंतच्या वाड्या-पाड्यांवर ‘मी ख्रिस्ती आहे’ या वाक्याचा अर्थ एका रात्रीत बदलेल.

फादर दिब्रिटो : मराठीतून उत्तर

महाराष्ट्रात कॅथलिक माणसाने आपली श्रद्धा न लपवता सार्वजनिक जीवनात कसं वावरावं, याचं अलीकडचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईतल्या नंदाखालचे. जन्म १९४२, धर्मगुरू म्हणून दीक्षा १९७२. ‘सुवार्ता’ या मासिकाचं त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ संपादन केलं. पण मराठी वाचकांना ते त्याहीपेक्षा वर्तमानपत्रांतल्या लेखनातून आणि हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनातून माहीत होते. वसईची जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी १९८०च्या दशकाअखेर उभ्या राहिलेल्या या लढ्यात सगळ्या धर्मांचे लोक होते आणि त्यांच्या पुढे पांढऱ्या झग्यातला एक धर्मगुरू होता. त्यांनी केलेल्या ‘सुबोध बायबल’ या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

सप्टेंबर २०१९ मध्ये उस्मानाबादला होणाऱ्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची एकमताने निवड झाली. या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. लगेच विरोध सुरू झाला. विश्व हिंदू परिषदेसह काही संघटनांनी त्यांना धर्मप्रसारक ठरवलं, आयोजकांना धमकीचे फोन आले. जानेवारी २०२० मध्ये संमेलन पोलीस बंदोबस्तात पार पडलं.

दिब्रिटोंनी काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. त्यांनी आपला झगा किंवा क्रूस नाकारला नाही आणि संमेलनाचं व्यासपीठ प्रवचनासाठीही वापरलं नाही. आपण मराठी लेखक म्हणून आलो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. भाषणात ते मराठी भाषेवर बोलले, शेतकऱ्यांवर बोलले, लेखकाने अन्यायाविरुद्ध बोललं पाहिजे असं बोलले. ख्रिस्ती श्रद्धा आणि संतसाहित्य यांची सांगड ते आयुष्यभर घालत आले होते. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही ‘नाही मी एकला’. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्यावर घेतलेल्या आक्षेपात एक गंमत होती. बायबल मराठीत आणलं म्हणून ते प्रचारक, असा तर्क लावला तर ‘ख्रिस्तपुराण’ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून काढावं लागेल. हा मुद्दा तेव्हा अनेक साहित्यिकांनी मांडला. पण सोशल मीडियावर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, तिथे ‘फादर’ हा एक शब्द पुरेसा होता.

चर्च स्वतः काय सांगतं?

कॅथलिक परंपरेत श्रद्धा उघडपणे सांगणं ऐच्छिक मानलेलं नाही. किशोरवयात दृढीकरणाचा संस्कार होतो, तेव्हा मुलगा किंवा मुलगी ख्रिस्ताची साक्ष देण्याची जबाबदारी घेते, अशी शिकवण आहे. पण त्याच चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ७ डिसेंबर १९६५ रोजी, धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा स्वीकारला. कुणावरही श्रद्धेची सक्ती करता येणार नाही, हे त्यात स्पष्ट आहे. चर्चच्या कायद्यातल्या ७४८ व्या कलमातही तेच आहे. शतकानुशतकं सत्तेच्या आधाराने चाललेल्या संस्थेने हे लेखी कबूल करायला विसावं शतक उजाडावं लागलं, हेही नोंदवायला हवं.

प्रौढ माणसाला कॅथलिक व्हायचं असेल तर प्रक्रिया लांबलचक आहे. १९७२ पासून त्यासाठी टप्प्याटप्प्याचा विधी आहे. शिकवणीचे वर्ग, मग काही महिन्यांची, कधी वर्षाहून जास्त तयारी, आणि बहुतेकदा ईस्टरच्या आदल्या रात्री स्नानसंस्कार. एका प्रार्थनासभेत येऊन त्याच दिवशी कॅथलिक होता येत नाही.

म्हणूनच धर्मांतराची बातमी आली की अनेक कॅथलिक चटकन म्हणतात, ‘ते आम्ही नव्हे, ते स्वतंत्र पास्टर.’ तपशील म्हणून ते बऱ्याचदा खरं असतं. आजारपण बरं करण्याच्या प्रार्थनासभा घेणारे अनेक गट कॅथलिक चर्चच्या बाहेरचे आहेत. पण हे उत्तर जरा जास्तच सोयीचं आहे. खिडकीवर दगड मारणारा पंथ विचारत नाही, आणि पास्टरलाही अनुच्छेद २५ तेवढाच लागू आहे जेवढा बिशपला.

२०२५ मध्ये काय घडलं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीच्या धर्मांतराविरोधातल्या कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर सांगली जिल्ह्यात एका गर्भवती महिलेने आत्महत्या केली. सासरचे धर्मांतरासाठी छळत होते, असा आरोप झाला. जूनमध्ये भाजपचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मांतर करायला येणाऱ्यांना मारहाण करणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसं जाहीर केली. याविरोधात ११ जुलैला मुंबईच्या आझाद मैदानावर ख्रिस्ती समाज मोठ्या संख्येने जमला. त्यात कॅथलिक होते आणि इतर पंथांचेही होते. एरवी रस्त्यावर न उतरणारा हा समाज आहे. शाळा, इस्पितळं आणि सेवाकार्य यातून आपोआप बोललं जातं, वेगळं बोलायची गरज नाही, अशी त्याची जुनी समजूत. ती त्या दिवशी थोडी हलली.

त्याच महिन्यात विधिमंडळात कठोर कायदा आणण्याची भाषा झाली आणि २५ जुलैला छत्तीसगडच्या दुर्ग रेल्वे स्टेशनवर केरळच्या दोन कॅथलिक नन्सना अटक झाली. त्यांच्यासोबत नोकरीसाठी निघालेल्या आदिवासी तरुणी होत्या. आरोप मानवी तस्करी आणि धर्मांतराचा. आठवड्याभराने, २ ऑगस्टला त्यांना जामीन मिळाला. नन्सच्या पोशाखात आदिवासी मुलींसोबत रेल्वेने प्रवास करणं हे कुठल्याही आदिवासी भागातल्या कॅथलिक संस्थेचं नेहमीचं काम आहे. कर्जत स्टेशनवरही असं दृश्य दिसण्यात नवल नाही. श्रद्धा ‘प्रकट’ करायला तोंड उघडावंच लागतं असं नाही, कधी कपडे पुरतात.

इतर राज्यांच्या नव्या कायद्यांचा रोख इथे समजून घ्यायला हवा. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात धर्म बदलण्याआधी साठ दिवसांची पूर्वसूचना जिल्हा प्रशासनाला द्यावी लागते, आणि धर्मांतर सक्तीचं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. उत्तर प्रदेशात २०२४ च्या दुरुस्तीनंतर कुणीही त्रयस्थ तक्रार करू शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने फतेहपूरच्या सामूहिक धर्मांतराच्या आरोपावरून नोंदवलेले अनेक गुन्हे रद्द केले. दुरुस्तीआधीच्या कायद्यात फक्त पीडित किंवा नातेवाईक तक्रार करू शकत होते आणि तसा तक्रारदार नव्हता, हे त्यातलं एक कारण.

तळोजा आणि एक अवघड प्रश्न

खालापूरच्या शेजारी पनवेल तालुका आणि त्यात तळोजा कारागृह. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीतून अटक झालेले जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी इथेच होते. वय ८३, पार्किन्सनचा आजार. हातात पेला धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा, यासाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची सुनावणी बाकी असताना, वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये त्यांचं निधन झालं. एल्गार परिषद प्रकरणात त्यांच्यावर यूएपीएखाली आरोप होते, ते त्यांनी नाकारले होते. खटला सुरूच झाला नाही.

त्यांना धर्मासाठी अटक झाली नव्हती. पण आदिवासींच्या जमिनीसाठी आणि तुरुंगातल्या आदिवासी तरुणांसाठी काम करणं हा आपल्या श्रद्धेचाच भाग आहे, अशी त्यांची धारणा होती. मग हे काम ‘धर्माचं प्रकटीकरण’ की राजकारण? कॅथलिकांमध्येही यावर एकमत नाही. धर्मगुरूने वेदीपाशीच राहावं, असं मानणारे बरेच आहेत.

न सांगण्याचा हक्क आणि येणारी जनगणना

बोलण्याच्या हक्कासोबत गप्प राहण्याचाही हक्क आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तो मान्य केला. ‘फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड’च्या काही सदस्यांना शासनाच्या राजपत्रात आपला धर्म ‘ख्रिश्चन’ असा न छापता ‘कोणताही धर्म नाही’ असा छापून हवा होता. येशूला मानतो, पण धर्म म्हणून ख्रिश्चन नाही, असं त्यांचं म्हणणं. शासकीय मुद्रणालयाने नकार दिला. हायकोर्टाने सांगितलं की, सरकार कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही, आणि कोणताही धर्म न मानण्याचा हक्कही अनुच्छेद २५ मध्येच आहे.

कुणी प्रार्थनेत गोंधळ घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०० लागू होतं. हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावण्यासाठी २९९ आणि ३०२, दोन समाजांत तेढ पसरवण्यासाठी १९६. ही कलमं दोन्ही बाजूंना लागू आहेत. आपल्या श्रद्धेची बाजू मांडताना शेजाऱ्याच्या देवाची टिंगल केली तर तीच कलमं उलटी फिरतात. पोलीस ठाण्यात दाद लागली नाही तर राज्य आणि राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाकडे जाता येतं.

पुढचा मोठा प्रसंग जनगणनेचा आहे. १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची ही जनगणना, आणि यात जातही मोजली जाणार आहे. धर्माच्या रकान्यात ‘कॅथलिक’ असा वेगळा संकेतांक २०११ मध्ये नव्हता, ‘ख्रिश्चन’ एवढाच होता. त्या वेळच्या सूचनांनुसार अनुसूचित जात फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध कुटुंबांसाठी नोंदवली गेली, अनुसूचित जमात मात्र कोणत्याही धर्माच्या माणसासाठी. प्रगणकाने धर्माबाबत वाद घालायचा नाही, सांगणाऱ्याने जे सांगितलं तेच लिहायचं, अशीही सूचना असते. खोपोलीच्या चाळीत किंवा कर्जतच्या एखाद्या ठाकरवाडीत तो प्रगणक दारात उभा राहील तेव्हा उत्तर घरातल्या माणसालाच द्यायचं आहे, आणि शेजारी बहुधा तिथेच उभे असतील.